अर्धांगवायू आणि बुद्धिभ्रंश



अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आणि हातपाय थोडेफार चालू लागले, की घरची माणसे संकट टळले असे समजतात. परंतु कित्येक घरांत काही महिन्यांनी निराळीच तक्रार सुरू होते. माणूस हिशेबात चुकतो, ओळखीच्या रस्त्यावर घोटाळतो, सांगितलेले विसरतो. 'आळशी झाला' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. वास्तविक तो आळस नसून मेंदूला झालेल्या इजेचा परिणाम असू शकतो.

हा धोका सर्वांना सारखा नाही. ऑक्सफर्ड येथे दोन हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तीव्र झटक्यानंतर वर्षभरात सुमारे ३४ टक्के रुग्णांना बुद्धिभ्रंश जडला. सौम्य झटक्यानंतर हे प्रमाण ८ टक्के होते. उतारवय, आधीपासूनचा विसराळूपणा, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके, झटक्यात वाचा जाणे, यांनीही धोका वाढतो. शिक्षण कमी असले तरी तो वाढतो. ज्याला शाळा मिळाली नाही, त्याला म्हातारपणीही तिची किंमत मोजावी लागते.

पण सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे दुसरा झटका. पहिल्या झटक्यानंतर सुमारे दहांत एकाला नव्याने बुद्धिभ्रंश होतो. पुन्हा झटका आलेल्यांत मात्र तिघांत एकाहून अधिकांना तो आढळतो, असे २००९ सालच्या एका संकलनात दिसून आले. गिरणीच्या खात्यात एक माग बंद पडला, तर बाकीच्यांवर काम ओढता येते. आणखी बंद पडले, की ओढायला काही उरत नाही. मेंदूचेही तसेच आहे.

वय आपल्या हाती नाही. दुसरा झटका पुष्कळ अंशी टाळता येतो. झटका येऊन गेलेल्या ६,१०५ लोकांवरील प्रयोगात, रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांनी पुन्हा झटका येऊन होणारा बुद्धिभ्रंश सुमारे एकतृतीयांशाने घटला. हे २००३ साली प्रसिद्ध झाले आहे.

आणि आपण करतो काय? 'आता बरे वाटते, गोळी कशाला?' रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो विसरला जातो. एका दिवसाचा रोज बुडेल म्हणून तपासणी चुकते. रोज पुन्हा कमावता येतो; गेलेली बुद्धी क्वचितच परत येते. तेव्हा गोळी आपल्या मनाने थांबवू नका, तंबाखू सोडा, आणि विसरणाऱ्या माणसाला रागावण्याऐवजी त्याला डॉक्टरांकडे न्या. कधी कधी मनाची उदासीही विसरण्याचे कारण असते, आणि तिच्यावर उपाय आहे.