मनोऱ्यातला अधिकारी

पुण्याहून विमानाने दिल्लीला निघालेल्या प्रवाशाला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. त्याचे विमान एखाद्या मुलकी कंपनीचे असते आणि वैमानिकही मुलकी असतो. परंतु त्या विमानाला धावपट्टीवर येण्याची व उड्डाण करण्याची परवानगी देणारा आवाज मात्र भारतीय हवाई दलातील अधिकाऱ्याचा असतो. लोहगावचा तळ १९३९ साली मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारण्यात आला आणि आजही तो हवाई दलाचाच आहे. ज्या धावपट्टीवरून सुखोई-३० लढाऊ विमाने झेप घेतात, तीच धावपट्टी प्रवासी विमाने वापरतात. गोव्यात दाभोळीला असाच प्रकार आहे. तेथे मनोऱ्यात नौदलाचे अधिकारी बसतात.

या अधिकाऱ्यांना हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. 'हवाई दलात जायचे' असे म्हणणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त वैमानिक असतो. मनोऱ्यातल्या या माणसाकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो काय करतो, त्याच्या कामामागे कोणते विज्ञान आहे आणि तेथे पोचण्याची वाट कोणती, हे या लेखात पाहू.

काम काय असते?

चौकातला पोलीस हात दाखवून गाड्या थांबवतो. आकाशात विमान थांबवता येत नाही, फार तर घिरट्या घालायला लावता येते, आणि घिरट्यांनाही इंधन लागते. म्हणून नियंत्रकाला प्रत्येक विमानाची पुढच्या काही मिनिटांतली जागा आधीच डोक्यात मांडावी लागते. दोन विमानांत सरळ वरखाली किमान १,००० फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर अंतर ठेवायचे, किंवा मग रडारवर आडवे अंतर राखायचे, हा त्याचा मूळ नियम. हे आडवे अंतर सर्वसाधारणपणे ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर असते.

लष्करी तळावर याहून काही गोष्टी वाढतात. लढाऊ विमान ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीला टेकते. त्याचे इंधन मोजके असते, त्यामुळे 'अजून वीस मिनिटे थांब' असे त्याला सांगता येत नाही. सुखोईसारखी विमाने उतरल्यावर शेपटीकडून छत्री उघडून वेग कमी करतात. ती छत्री धावपट्टीवर पडून राहिली, तर मागून येणाऱ्या विमानाला धोका. एकाच वेळी चार लढाऊ विमाने परत येत आहेत, मागे दीडशे प्रवासी घेऊन एक मुलकी विमान आहे आणि धावपट्टी एकच. अशा वेळी आधी कोण, हे काही सेकंदांत ठरवावे लागते.

हवाई दलात याच शाखेत आणखी एक काम आहे, ते लढाऊ विमान नियंत्रकाचे. दोघेही रडारपुढे बसतात, पण त्यांची उद्दिष्टे अगदी उलट. वाहतूक नियंत्रक विमानांना एकमेकांपासून दूर ठेवतो. लढाऊ नियंत्रक आपले विमान शत्रूच्या विमानापर्यंत नेऊन भिडवतो.

प्रतिध्वनीचे गणित

रडारचे तत्त्व दरीत हाक मारून प्रतिध्वनी ऐकण्यासारखेच आहे. फरक एवढाच की येथे ध्वनीऐवजी रेडिओ लहरी असतात आणि त्या सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. एक मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते. जाणे व येणे मिळून हे अंतर असल्याने निम्मे करायचे. म्हणजे प्रतिध्वनीला लागलेला प्रत्येक मायक्रोसेकंद विमानाचे १५० मीटर अंतर दाखवतो. ४०० मायक्रोसेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर विमान ६० किलोमीटरवर आहे.

आता विचार करा. ताशी ९०० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील अंतर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरने घटते. विमानतळाजवळच्या रडारची ॲन्टेना साधारण पाच सेकंदांत एक फेरी पुरी करते. पडद्यावरचा ठिपका एकदा दिसून पुन्हा दिसेपर्यंत ती विमाने अडीच किलोमीटर जवळ आलेली असतात.

पण साध्या रडारला एक मोठी मर्यादा आहे. ते विमानाची दिशा व अंतर सांगते. त्याची उंची आणि ओळख सांगत नाही. यावरचा उपाय दुसऱ्या महायुद्धात निघाला, कारण पडद्यावरचे विमान आपले की शत्रूचे हे त्या वेळी जीवनमरणाचे कोडे होते. त्यातून 'दुय्यम रडार' विकसित झाले. ते १,०३० मेगॅहर्ट्झ कंप्रतेवर विमानाला प्रश्न विचारते आणि विमानातील ट्रान्सपाँडर १,०९० मेगॅहर्ट्झवर आपोआप उत्तर देतो. उत्तरात विमानाचा चार अंकी क्रमांक आणि उंची असते. या क्रमांकात ० ते ७ हेच अंक येतात, म्हणून एकूण क्रमांक ८ गुणिले ८ गुणिले ८ गुणिले ८, म्हणजे ४,०९६ होतात. अष्टमान पद्धती शिकून काय उपयोग, असे वर्गात विचारणाऱ्यांना हे उत्तर द्यावे! यांपैकी ७७०० हा क्रमांक संकटाचा, ७६०० रेडिओ बंद पडल्याचा आणि ७५०० अपहरणाचा.

चरखी दादरीचा धडा

हे दुय्यम रडार नसले तर काय होते, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी सौदी अरेबियाचे एक बोइंग ७४७ दिल्लीहून निघून वर चढत होते. त्याला १४,००० फुटांची परवानगी होती. समोरून कझाकस्तानचे विमान दिल्लीकडे खाली उतरत होते. त्याला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. दिल्लीभोवतालच्या आकाशाचा बराच भाग लष्करासाठी राखीव असल्याने येणारी व जाणारी मुलकी विमाने एकाच मार्गिकेतून ये-जा करीत. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आले. नियंत्रकाकडे साधे रडार होते. त्यावर उंची दिसतच नव्हती. हरियाणातील चरखी दादरी गावावर दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसे मृत्यू पावली.

यानंतर दिल्लीत येण्याजाण्याच्या मार्गिका वेगळ्या करण्यात आल्या, दुय्यम रडार सुरू झाले, आणि विमानात टक्कर-इशारा यंत्र सक्तीचे झाले. मुलकी व लष्करी आकाशाची वाटणी हा नकाशावरच्या रेषांचा कोरडा विषय नाही, हे या घटनेतून ध्यानात यावे.

दोन आवाज, एक शिट्टी

नियंत्रक वैमानिकाशी बोलतो ते अतिउच्च कंप्रतेच्या रेडिओवर. मुलकी विमानांसाठी साधारण ११८ ते १३७ मेगॅहर्ट्झ आणि लष्करी विमानांसाठी मुख्यतः २२५ ते ४०० मेगॅहर्ट्झ असा पट्टा आहे. दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली तर काय होईल? दोन ट्रान्समीटरांच्या कंप्रता तंतोतंत सारख्या कधीच नसतात. एकाची ११९.७००० आणि दुसऱ्याची ११९.७००८ मेगॅहर्ट्झ असेल, तर फरक ८०० हर्ट्झचा. अकरावीत 'विस्पंद' शिकताना हेच शिकतो. हा फरक कानाला ऐकू येणाऱ्या टप्प्यात असल्याने शब्दांऐवजी कर्कश शिट्टी ऐकू येते.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ विमानतळावर दाट धुके होते. उड्डाणाला उभ्या असलेल्या डच विमानाला मनोऱ्याने थांबायला सांगितले, आणि त्याच क्षणी धावपट्टीवरच असलेल्या अमेरिकी विमानाने 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' असे कळवले. डच वैमानिकाच्या कानी त्या जागी बहुतेक शिट्टीच पडली. परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान सोडले. ५८३ माणसे मेली. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारण्याचा दंडक आहे.

म्हणूनच या कामात भाषेची शिस्त गणिताइतकीच काटेकोर असते. वैमानिकाने उंची, दिशा व परवानगी पुन्हा म्हणून दाखवलीच पाहिजे आणि नियंत्रकाने ती ऐकून तपासली पाहिजे. इंग्रजीतील 'नाइन' आणि 'फाइव्ह' खरखरीत सारखे वाटू नयेत म्हणून ते 'नायनर' आणि 'फाइफ' असे उच्चारायचे असतात.

बोलून उतरवलेले विमान

लष्करी नियंत्रकाची सर्वांत अवघड विद्या म्हणजे ढगात काही न दिसणाऱ्या वैमानिकाला नुसत्या बोलण्याने धावपट्टीपर्यंत आणणे. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात लुई अल्वारेझ या भौतिकशास्त्रज्ञाने विकसित केली. यांनाच पुढे १९६८ चे नोबेल पारितोषिक मूलकणांवरील संशोधनासाठी मिळाले. या पद्धतीत दोन रडारझोत असतात. एक विमान डावीउजवीकडे किती सरकले ते दाखवतो, दुसरा ते उतरत्या रेषेच्या वर आहे की खाली ते. ही रेषा बहुधा ३ अंशांची असते. ३ अंशांचा स्पर्शक ०.०५२४, म्हणजे धावपट्टी एक किलोमीटर दूर असताना विमान सुमारे ५२ मीटर उंच हवे. शेवटच्या टप्प्यात वैमानिक उत्तर देत नाही, नियंत्रक सलग बोलत राहतो. पाच सेकंद आवाज आला नाही तर वैमानिकाने उतरण्याचा नाद सोडून वर जायचे असते.

या पद्धतीची कसोटी बर्लिनला लागली. जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते व रेल्वे बंद केली आणि वीस लाखांवर लोकांचे अन्न व कोळसा विमानाने पोचवावा लागला. १३ ऑगस्ट १९४८ ला ढग खाली उतरले. एक विमान कोसळून जळाले, दुसऱ्याचे टायर फुटले, तिसरे चुकीच्या धावपट्टीवर उतरले आणि वर विमानांची चळत घिरट्या घालीत राहिली. जनरल टनर यांनी सर्व विमाने परत पाठवली आणि नवा नियम केला: एकदा उतरणे चुकले की पुन्हा प्रयत्न नाही, माल घेऊन माघारी जायचे. घिरट्याच नकोत! याच शिस्तीवर १६ एप्रिल १९४९ रोजी चोवीस तासांत १,३९८ उड्डाणे झाली. दिवसाची मिनिटे १,४४०. म्हणजे जवळजवळ मिनिटाला एक विमान.

या वाटेने कसे जावे?

हवाई दलात वाहतूक नियंत्रक हे प्रशासन शाखेत येतात. कोणत्याही विषयात ६० टक्के गुणांनी पदवी मिळवलेल्या २० ते २६ वयाच्या तरुण-तरुणींना एएफकॅट ही प्रवेश परीक्षा देता येते. ती वर्षातून दोनदा होते. त्यात १०० प्रश्न असतात आणि त्यांना ३०० गुण. बरोबर उत्तराला तीन मिळतात, चुकीच्या उत्तराला एक जातो. इंग्रजी, सामान्यज्ञान, अंकगणित आणि तर्क हे विषय. पुढे निवड मंडळापुढे मानसशास्त्रीय चाचण्या, गटाने करायची कामे आणि मुलाखत. मग वैद्यकीय तपासणी. त्यात दृष्टी, रंगज्ञान व श्रवण पाहिले जाते. रंगज्ञान कशाला? रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यातून दिव्याने खुणा करतात: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे वाट द्या आणि घिरट्या घालत राहा.

निवड झालेल्यांना हैदराबादजवळ दुंडीगल येथील हवाई दल अकादमीत सुमारे वर्षभर प्रशिक्षण मिळते व फ्लाइंग ऑफिसर हा हुद्दा मिळतो. प्रशासन शाखेत गेलेला प्रत्येकजण नियंत्रक होतोच असे नाही, हे आधी समजून घ्यावे. बारावीनंतर जायचे असल्यास खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथे २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे, आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. नौदलातील वाहतूक नियंत्रकासाठी अभियांत्रिकीची पदवी लागते आणि प्रशिक्षण केरळात एळिमला येथे होते. गणवेश नको असेल, तर भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना भारतीय विमानतळ प्राधिकरणात हेच काम मिळू शकते. अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

अकादमी सुटली म्हणजे लगेच मायक्रोफोन हाती येत नाही. आधी नियंत्रणाचा खास अभ्यासक्रम, मग तळावर अनुभवी अधिकाऱ्याच्या शेजारी बसून काम. नवखा बोलतो, पण बाजूच्या ज्येष्ठाला त्याचा आवाज तोडून मध्ये बोलता येते. आसपासचे डोंगर, वाऱ्याच्या सवयी, कोणत्या ऋतूत पक्षी येतात, हे सारे स्थानिक ज्ञान मिळवावे लागते. बदली झाली की नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून शिकून परीक्षा द्यायची. रात्रपाळी असते, सणवार नसतो. तासन्‌तास काही घडत नाही आणि मग एकदम सर्व घडते. ज्याला शांतपणे ऐकता येते आणि चूक दिसताच संकोच न करता 'थांबा' म्हणता येते, त्याने या कामाचा विचार जरूर करावा.

सोडवून पाहा

रडारच्या एकाच दिशेला, एकाच उंचीवर दोन विमाने आहेत. एकाचा प्रतिध्वनी ६०० मायक्रोसेकंदांनी येतो, दुसऱ्याचा २०० मायक्रोसेकंदांनी. ती ताशी ९०० आणि ५४० किलोमीटर वेगाने एकमेकांकडे येत आहेत. सूचना देऊन ती पुन्हा ऐकायला १५ सेकंद लागतात, आणि एक विमान सेकंदाला १० मीटर या दराने ३०० मीटर वर चढणार आहे. दोघांतील आडवे अंतर ९.२६ किलोमीटर होण्यापूर्वी हे सर्व पुरे व्हायचे असेल, तर नियंत्रकाने जास्तीत जास्त किती सेकंदांत बोलायला सुरुवात केली पाहिजे?

(उत्तर: सुमारे ८२ सेकंद. पण खरा नियंत्रक ८२ वा सेकंद उजाडू देत नाही. तो पहिल्या पाच सेकंदांतच बोलतो.)