विश्लेषण : प्लास्टिकच्या पातळ थरातून लेझर? पाव शतकाचा पेच कसा सुटतो आहे?

तुम्ही हे ज्या मोबाइलवर वाचत आहात त्याचा पडदा ॲमोलेड असेल, तर या क्षणी कार्बनी रेणूंच्या अतिशय पातळ थरांमधून, निव्वळ विजेच्या जोरावर, उजेड बाहेर पडतो आहे. त्याच प्रकारच्या थरातून लेझर का निघू नये, हा प्रश्न १९९६ पासून भौतिकशास्त्रज्ञांना छळतो आहे. २००० मध्ये त्याचे उत्तर सापडल्याची घोषणा झाली. ते उत्तर खोटे निघाले. त्यानंतर जवळपास दोन दशकांनी जपान आणि स्कॉटलंडमधून दोन वेगळी उत्तरे आली. दुसरीकडे, प्रकाशाने आकार घेणाऱ्या पॉलिमरच्या फिल्मवर कोरलेली होलोग्राफिक भिंगे स्मार्ट चष्म्यापर्यंत पोहोचली. हे दोन्ही प्रवाह एकाच प्रयोगशाळेत एकत्र येताना दिसतात, म्हणून हा विषय समजून घ्यायला हवा.

सेंद्रिय लेझर म्हणजे काय?

इथला ‘सेंद्रिय’ हा शब्द शेतातला नाही, रसायनशास्त्रातला आहे. कार्बनवर आधारलेले रेणू, एवढाच त्याचा अर्थ. साध्या दिव्यात प्रत्येक रेणू आपल्या लहरीप्रमाणे प्रकाश सोडतो. मिरवणुकीतल्या गर्दीने टाळ्या वाजवाव्यात तसे. लेझरमध्ये एका रेणूचा प्रकाश शेजारच्या रेणूला त्याच तालात प्रकाश सोडायला भाग पाडतो. सराव झालेल्या ढोलपथकाचे सगळे ठोके एकदम पडतात, तसे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : ऊर्जा भरलेले रेणू आणि तो प्रकाश पुन:पुन्हा त्यांच्यातूनच फिरवणारी आरशांसारखी रचना.

रंगद्रव्यांच्या द्रावणातून लेझर १९६६ मध्येच मिळाला होता. पुढच्याच वर्षी ते रंगद्रव्य ॲक्रिलिक प्लास्टिकमध्ये घालून घन लेझरही झाला. खरी उत्सुकता वाढली ती वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरमुळे. त्या शोधासाठी ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. केंब्रिजमध्ये १९९० साली पॉलिमरचा एलईडी उजळला आणि १९९६ मध्ये तशाच पॉलिमरच्या घन थरातून लेझर निघाला. अर्थात विजेवर नव्हे. दुसऱ्या एका लेझरचा झोत त्याच्यावर मारून.

एवढ्या पातळ थरात आरसे बसतात कुठे?

बसवत नाहीत, कोरतात. थराखाली किंवा थरावर पन्हळी पत्र्यासारख्या बारीक रेघा उमटवल्या जातात. प्रत्येक रेघ थोडासा प्रकाश मागे फिरवते आणि शेकडो रेघांचे मिळून आरशाचे काम होते. याला डीएफबी रचना म्हणतात. रेघांमधले अंतर लेझरचा रंग ठरवते. ६०० नॅनोमीटरचा नारिंगी-लाल प्रकाश हवा असेल आणि थराचा अपवर्तनांक १.६ च्या आसपास असेल, तर अंतर साधारण ३७५ नॅनोमीटर ठेवावे लागते. सीडीवरच्या रेघांमधले अंतर याच्या चौपटीहून जास्त असते. असे अंतर ठेवल्यास लेझरचा झोत थराच्या पृष्ठभागातून सरळ वर येतो, हा आणखी एक फायदा.

थर तयार करणे त्या मानाने सोपे. पॉलिमरचे द्रावण काचेवर टाकायचे आणि काच वेगाने फिरवायची. द्रव पसरतो, वाळतो आणि काहीशे नॅनोमीटरचा थर मागे राहतो. गॅलियम नायट्राइडसारख्या अर्धवाहकाचे स्फटिक वाढवायला लागणारे तापमान आणि यंत्रसामग्री इथे लागत नाही. सगळ्या खटाटोपामागचे आकर्षण हेच आहे.

मग वीज देऊन तो चालत का नाही?

वीज दिली की थरात इलेक्ट्रॉन आणि ‘होल’ यांच्या जोड्या जुळतात. पुंजभौतिकीच्या नियमाने चारांपैकी एकच जोडी झटपट प्रकाश देणारी, म्हणजे ‘सिंगलेट’, असते. उरलेल्या तीन ‘ट्रिपलेट’ असतात. त्या नुसत्या बसून राहत नाहीत, तर तयार झालेला प्रकाश गिळतात. मोबाइलच्या पडद्यात इरिडियमयुक्त रेणू वापरून ट्रिपलेटकडूनही उजेड काढून घेता येतो, पण तो इतका सावकाश येतो की लेझरला उपयोगी पडत नाही.

अडचण इथे संपत नाही. या पदार्थांतून वीज मंद वाहते. लेझरसाठी दर चौरस सेंटिमीटरला शेकडो-हजारो अँपिअर इतका दाट प्रवाह कोंबावा लागतो. तेवढ्याने थर तापतो आणि जळतो. वीज आत नेणारे धातूचे पत्रेही प्रकाश शोषतात. म्हणजे ज्या वाटेने ऊर्जा आत येते, त्याच वाटेवर प्रकाशाची चोरी होते.

शॉन प्रकरण काय होते?

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधील तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक शॉन याने २००० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात टेट्रासीनच्या स्फटिकातून विजेवर चालणारा सेंद्रिय लेझर मिळाल्याचा दावा केला. जगभरच्या प्रयोगशाळा तो पुन्हा करून पाहू लागल्या आणि कोणालाच जमेना. दोष आपल्या हाताचा, आपल्या स्फटिकाचा, असे समजून अनेकांनी त्यात वेळ घालवला. २००२ मध्ये कोणाच्या तरी लक्षात आले की शॉनच्या वेगवेगळ्या शोधनिबंधांतील आलेखांमधली बारीक थरथरसुद्धा तंतोतंत सारखी आहे. योगायोगाने होणारी गोष्ट दोनदा हुबेहूब होत नाही. माल्कम बीझली यांच्या समितीने २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध झाल्याचे सांगितले. प्रयोगाच्या वह्या नव्हत्या आणि मूळ नोंदी संगणकात जागा नसल्याने पुसल्या, असे त्याचे म्हणणे होते. लेझरचा निबंधही मागे घेतला गेला. सहकाऱ्यांना समितीने गैरवर्तनातून मुक्त केले. मात्र निबंधावर नाव घालणाऱ्या ज्येष्ठांनी किती तपासायचे, ही चर्चा आजही थांबलेली नाही.

या धक्क्याचा परिणाम पुढच्या भाषेत दिसतो. जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने २०१९ मध्ये बीएसबीसीझेड नावाचा रेणू आणि डीएफबी रचना वापरून विजेवरच्या लेझरचे पुरावे मांडले. पण निबंधाच्या शीर्षकात ‘लेझर’ म्हणून छाती ठोकली नाही, तर त्याची ‘चिन्हे’ दिसल्याचे म्हटले. अतिशय छोट्या स्पंदांत वीज देणे आणि ट्रिपलेटचे शोषण ज्या रंगात पडत नाही असा रेणू निवडणे, ही त्यांची किल्ली होती.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या आयफर सॅम्युअल आणि ग्रॅहम टर्नबुल यांच्या गटाने वेगळी वाट धरली. त्यांचे काम २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. लेझरच्या थराला वीज द्यायचीच नाही. शेजारी अतिशय प्रखर ओएलईडी ठेवायचा, वीज त्याला द्यायची आणि त्याचा उजेड अगदी जवळून लेझरच्या थरात सोडायचा. वीज एका खोलीत आणि लेझर दुसऱ्या, त्यामुळे ट्रिपलेट आणि धातूचे पत्रे लेझरच्या आड येत नाहीत. काहींना हा वळसा वाटेल. पण बाहेरून पाहणाऱ्याला वीज आत आणि लेझर बाहेर असाच हा तुकडा आहे, आणि उपकरण बनवणाऱ्याला तेवढे पुरते.

यात होलोग्राफी कुठून आली?

नॅनोमीटरच्या रेघा कोरायला इलेक्ट्रॉन झोताचे महागडे यंत्र लागते. होलोग्राफीत तेच काम प्रकाश करतो. लेझरचे दोन झोत एकमेकांवर पाडले की उजेड-अंधाराचे समान अंतरावरचे पट्टे तयार होतात. स्पेनमधील अलिकांते विद्यापीठात मारिया दियाझ-गार्सिया यांच्या गटाने अशा पट्ट्यांनी डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनच्या थरात डीएफबी रचना उमटवली आणि २०१७ मध्ये ती लेझरच्या थराच्या वर बसवून दाखवली. लेझरचे रेणू टोकियोतील सहकाऱ्यांचे होते. रचना वरच्या थरात असल्याने खालचा थर सपाट आणि एकसारखा राहतो. एकाच थरावर वेगवेगळ्या अंतराच्या रेघा ठेवून वेगवेगळे रंग काढता येतात.

होलोग्रामची कल्पना डेनिस गॅबोर यांची, १९४७ ची. त्यांना १९७१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. बँकेच्या कार्डावरचा चमकणारा ठसा आपल्या ओळखीचा आहे, पण तो ठशाने दाबून काढलेला असतो. फोटोपॉलिमरची गोष्ट निराळी. या फिल्ममध्ये जोडले न गेलेले छोटे रेणू, म्हणजे मोनोमर, मोकळे असतात. उजेडाच्या पट्ट्यात ते एकमेकांना साखळीने जोडले जातात. तिथे मोकळे रेणू कमी झाले की अंधाऱ्या पट्ट्यातले रेणू सरकून येतात. शेवटी उजेडाच्या जागी पदार्थ वेगळा आणि अंधाराच्या जागी वेगळा, अशी पारदर्शक नक्षी गोठते. धुणे नाही, रसायनात बुडवणे नाही.

अशी फिल्म भिंगाचे किंवा आरशाचे काम करते, पण ठरावीक रंगाला आणि ठरावीक कोनातून आलेल्या प्रकाशालाच. बाकी सगळे तिच्यातून आरपार दिसते. कॅनडातील नॉर्थ कंपनीच्या ‘फोकल्स’ चष्म्यात काडीतला छोटा लेझर काचेतल्या अशा फिल्मवर प्रकाश टाकत असे आणि फिल्म तो डोळ्यात वळवत असे. चित्र दिसण्याची जागा इतकी लहान होती की चष्मा चेहऱ्याच्या मापाने बसवून घ्यावा लागे. २०२० मध्ये गुगलने ही कंपनी विकत घेतली आणि विकलेले चष्मे त्याच वर्षी निकामी झाले. फिल्ममध्ये दोष नव्हता. ॲपचा आधार काढून घेतला गेला.

फिल्मच्या स्वतःच्या अडचणी आहेतच. रेणू जोडले जाताना ती आक्रसते. परावर्तक फिल्मची जाडी एक टक्क्याने घटली तर ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी केलेला आरसा ५२७ च्या आसपास काम करू लागतो. दुसरी अडचण विषारीपणाची. जुन्या, स्वस्त मिश्रणांत ॲक्रिलमाइड असते, जे हाताळणाऱ्याला घातक आहे. डायक्रोमेटमध्येही घातक क्रोमियम असते. अलिकांतेच्याच होलोग्राफी गटाने ॲक्रिलमाइडशिवायचे, पाण्यात विरघळणारे ‘बायोफोटोपॉल’ त्यासाठी तयार केले.

सेंद्रिय लेझरचा उपयोग कुठे होईल?

स्वस्त लेझर पॉइंटरशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. ती बाजी अर्धवाहक डायोडने केव्हाच मारली आहे. या लेझरची खरी जागा संवेदकात आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की पॉलिमरचा लेझर टीएनटीची वाफ हुंगू शकतो. टीएनटीचा रेणू पॉलिमरमधला इलेक्ट्रॉन हिसकावतो आणि प्रकाश मंदावतो. साध्या उजेडात हा फरक किरकोळ असतो. पण लेझर नेमका सुरू होण्याच्या उंबरठ्यावर ठेवला, तर काठावर पास होणाऱ्या विद्यार्थ्याचा एक गुण जावा तसे होते : थोडीशी घट आणि लेझर बंद. संवेदनशीलता ३० पटींहून अधिक वाढली.

रक्तातील प्रथिने ओळखण्यासाठीही हेच तत्त्व वापरता येते. प्रथिन पृष्ठभागावर चिकटले की लेझरचा रंग किंचित सरकतो. अशी पट्टी एकदा वापरून टाकून देण्याइतकी स्वस्त व्हायची, तर तिच्यावर बाहेरून मोठा लेझर मारावा लागणे परवडणारे नाही. सेंट अँड्र्यूजच्या वळशाचे महत्त्व तिथे आहे. मात्र त्यांचा लेझरही सध्या स्पंदांमध्येच चालतो. सतत तेवणारा, विजेवरचा सेंद्रिय लेझर अजून कोणाच्या टेबलावर नाही.