सुती की सॅटिन?

'चादर सुती घ्यावी की सॅटिनची?' दुकानात हमखास ऐकू येणारा हा प्रश्न. काही वर्षांपूर्वी मीही तो विचारला आणि 'सॅटिनची' म्हणून मिळालेली एक मऊ, चकचकीत चादर घरी आणली. मे महिन्यात तिच्यावर झोपलेली माझी आई रोज घामाने भिजून उठे. चार दिवसांत पाठीवर घामोळे आले. चूक माझ्या प्रश्नातच होती. 'सुती' हे धाग्याचे वर्णन आहे, तर 'सॅटिन' हे विणीचे नाव. 'पोळी गव्हाची हवी की गोल?' असे विचारण्यासारखाच हा प्रकार. माझी चादर विणीने सॅटिन होती, पण धागा होता पॉलिएस्टरचा.

तेव्हा कापड पाहताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत : धागा कशाचा? आणि तो विणला कसा?

धागा कशाचा?

कापसाचा तंतू मुख्यतः सेल्युलोजचा असतो. सेल्युलोजच्या रेणूवरील हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. २० अंश सेल्सिअस तापमान व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतील सुमारे ८ ग्रॅम बाष्प शोषतो, लोकर सुमारे १६ ग्रॅम. पॉलिएस्टर मात्र अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. झोपेतही आपल्या त्वचेतून बाष्प बाहेर पडत असते. सुती चादर ते सामावून घेते व सावकाश हवेत सोडते. पॉलिएस्टरचा तंतू ते आत घेत नाही. त्यामुळे अंग चिकचिकते.

म्हणून पॉलिएस्टर टाकाऊ ठरत नाही. पाणी शोषत नसल्यामुळेच ते पावसाळ्यात लवकर वाळते. ते मजबूत असते, चुरगळत नाही. मिश्र कापडात मात्र हीच मजबुती कधी नडते. घासल्याने सुटे झालेले तंतू गुंतून त्यांचे गोळे होतात. शुद्ध सुती कापडावरचे गोळे तुटून पडतात. पॉलिएस्टरचे चिवट तंतू ते धरून ठेवतात.

विणला कसा?

मागावर ताणलेले उभे धागे म्हणजे ताणा, त्यांतून आडवे जाणारे धागे म्हणजे बाणा. साध्या विणीत बाणा एका धाग्यावरून, पुढच्याखालून असा जातो. गुंफण जास्तीत जास्त असल्याने धागे सरकत नाहीत. कापड टिकाऊ व हलके होते. ट्विल विणीत धागा दोन किंवा तीन धाग्यांवरून जातो आणि प्रत्येक ओळीत एक घर पुढे सरकतो. त्यामुळे जीनच्या कापडावर दिसतात तशा तिरप्या रेषा उमटतात. सॅटिनमध्ये धागा चार किंवा अधिक धाग्यांवरून मोकळा जातो. समांतर मोकळ्या धाग्यांवरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो, म्हणून चकाकी. पण हेच मोकळे धागे बांगडीत किंवा नखात अडकून ओढले जातात.

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. त्यासाठी प्रत्येक ओळीत कोणते उभे धागे उचलायचे हे ठरवावे लागते. हे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांकडून करवून घेणारी यंत्रणा फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार यांनी १८०४च्या सुमारास तयार केली.

आकड्यांचा मोह

चादरीच्या वेष्टनावर 'थ्रेड काउंट' छापलेला असतो. एक चौरस इंचातील उभे व आडवे धागे मिळून होणारी ही संख्या. ८०० किंवा १००० असा आकडा दिसला तर जरा थांबावे. एवढ्या जागेत किती धागे बसणार याला मर्यादा आहे. कित्येकदा चार पदरी धागा चार धागे म्हणून मोजलेला असतो.

वर्गात करून पाहा

१. निरनिराळ्या कापडांचे तुकडे आणा. भिंगाखाली एक सेंटिमीटरमधील उभे व आडवे धागे मोजा, वीण ओळखा आणि तिचे चित्र चौकटीच्या कागदावर काढा.

२. तुकडे आधी धुऊन वाळवा, म्हणजे खळ निघून जाईल. प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब टाका आणि तो जिरायला लागणारा वेळ नोंदवा.

३. हा प्रयोग शिक्षकांनीच करावा. एकच धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची थाळी ठेवून ज्योतीजवळ न्या. सुती धागा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो, मऊ राख उरते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. पेटलेले सिंथेटिक कापड त्वचेला चिकटते ते यामुळेच. म्हणून स्वयंपाकघरात सुती कपडे बरे. मात्र सुती कापडही झटकन पेट घेते, हे विसरू नये.

४. रेयॉनही सेल्युलोजचेच, त्यामुळे तेही सुतासारखेच जळते. मग दोन्हींत फरक कसा ओळखाल? धागे भिजवून तोडून पाहा. ओले रेयॉन कमकुवत होते. ओले सूत उलट अधिक मजबूत होते.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न घरी न्यायला द्या : सुती कापड उन्हाळ्यात सुखद वाटते, मग जुन्या सुती लुगड्यांची गोधडी थंडीत ऊब कशी देते? उत्तर धाग्यात शोधावे, विणीत, की थरांमध्ये अडकलेल्या हवेत?