रद्दींतील चित्रकला

रद्दी या शब्दाला गृहस्थाच्या घरांत फारशी प्रतिष्ठा नाहीं. महिनाभराचीं वर्तमानपत्रें सुतळीनें बांधून कोपऱ्यांत ठेवावयाचीं आणि रद्दीवाला आला कीं तराजूवर घालून त्याच्या स्वाधीन करावयाचीं, एवढाच काय तो तिचा इतिहास. मुलांनीं त्यांतील चित्रें कापून वहींत चिकटविलीं तर आई त्यास ‘पसारा’ म्हणते आणि शाळा ‘चिकटकाम’ म्हणते. याच पसाऱ्यास विसाव्या शतकाच्या आरंभीं चित्रकलेंत मानाचें स्थान मिळालें, आणि पुढें नागपुरांत जन्मलेल्या एका चित्रकारानें त्याचा अगदींच निराळा उपयोग करून दाखविला.

‘कोलाज’ हा फ्रेंच शब्द. चिकटविणें या अर्थाच्या धातूपासून तो झाला आहे. कागद कापून चिकटविण्याचा छंद मात्र त्या शब्दाहून पुष्कळ जुना. इंग्लंडांत मेरी डेलनी या विधवा बाईनें १७७२ सालीं, वयाच्या ७२ व्या वर्षीं, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर लावून फुलें करण्यास आरंभ केला आणि दृष्टि मंद होईपर्यंत जवळजवळ एक हजार फुलें सिद्ध केलीं. तीं ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा या विवंचनेंत असणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

परंतु डेलनीबाईंच्या कागदाला स्वतःचें असें कांहीं म्हणणें नव्हतें. त्यानें फूल व्हावयाचें आणि आपण कागद आहों हें विसरावयाचें. १९१२ सालीं पाब्लो पिकासो व जॉर्ज ब्राक या दोघां तरुण चित्रकारांनीं ही गोष्ट उलटी केली. पिकासोनें वेताच्या विणीचें छापील मेणकापड एका चित्रांत चिकटविलें. ब्राकनें लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद वापरला. आणि वर्ष संपण्यापूर्वीं पिकासोच्या चित्रांत वर्तमानपत्राचे तुकडे येऊं लागले. तोंवर चित्रकार मेजावरील वर्तमानपत्र रंगवून दाखवीत असे. आतां खुद्द वर्तमानपत्रच चित्रांत येऊन बसलें, आणि येतांना आपली बातमीहि घेऊन आलें. त्या सुमारास बाल्कन देशांत युद्ध पेटलें होतें. ‘लढाई जुंपली’ अशा अर्थाचा ‘ल जूर्नाल’ पत्रांतील मथळा पिकासोनें एका गिटारीच्या चित्रांत लावला, आणि पत्राच्या नांवांतील पहिलीं अक्षरें तेवढीं अशीं राखलीं कीं तीं वाचतांना फ्रेंच माणसास ‘खेळणें’ हा शब्दहि आठवावा. ‘असें तर आमचा बंडूहि करील’ म्हणणाऱ्यांनीं बंडूस हा द्व्यर्थ साधून दाखविण्यास सांगावें.

बर्लिनची हाना होख ही तर उल्श्टाइन या मोठ्या प्रकाशनसंस्थेंत स्त्रियांच्या मासिकांसाठीं भरतकामाचे नमुने काढीत असे. १९१९-२० च्या सुमारास तिनें मासिकांतील छायाचित्रें कापून एक मोठें चित्र जुळविलें. त्यांत सेनापति हिंडेनबुर्गचें डोकें एका नर्तकीच्या धडावर बसलेलें आहे! चित्राच्या लांबलचक नांवांत स्वयंपाकघरांतील सुरीचा उल्लेख आहे. मराठी बाईनें हेंच केलें असतें तर विळीचा केला असता.

कात्रणांचें चित्र करावयाचें तर प्रथम बातमी वाचण्याचें सोडून कागद पाहावयास शिकलें पाहिजे. बारीक टाइपाचा स्तंभ दुरून करडा दिसतो, मथळा काळा, जाहिरातींतील मोकळी जागा पांढरी. म्हणजे एका अंकांतच छायाप्रकाशाची सारी सामग्री असते. देवनागरीचा एक विशेष येथें सांगण्यासारखा आहे. शिरोरेषेमुळें मराठी स्तंभ आंखल्यासारखा दिसतो. तो आडवा लावला तर नांगरलेलें शेत होतें, उभा लावला तर पाऊस पडूं लागतो. रोमन अक्षरांतून हा परिणाम इतका स्पष्ट साधत नाहीं. कातरीपेक्षां हातानें फाडलेली कड पुष्कळदां जिवंत वाटते. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतु बहुतांशीं एका दिशेस वळलेले असतात. त्या दिशेनें वर्तमानपत्र सरळ फाटतें, उलट दिशेनें फाडूं गेल्यास वेडेंवांकडें जातें. गुळगुळीत मासिकाचें पान फाडलें कीं कडेला पांढरी रेघ उमटते. ती समुद्राच्या फेंसास उपयोगी पडते. खळ पातळ असावी. बुकबाइंडर घालतात तसा तींत किंचित् मोरचूद घातला तर कसर लागत नाहीं, परंतु मोरचूद विषारी आहे. तें भांडें पुन्हां स्वयंपाकास घेतां कामा नये. ओला कागद फुगतो, वाळतांना आकसतो आणि पुठ्ठ्यास वांकवितो. नागपूरच्या वैशाखांत तर पाहतां पाहतां पुठ्ठ्याची पन्हळ होते. त्यावर उपाय म्हणून पुठ्ठ्याच्या पाठीसहि तसाच एक कागद चिकटवावा.

खरी अडचण निराळीच आहे. वर्तमानपत्राचा कागद बहुधा लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यांतील लिग्निन नांवाचें द्रव्य उजेड व हवा लागून पिवळें, मग तपकिरी पडतें, आणि कागद ठिसूळ होतो. पिकासोचीं कात्रणें आज चहाच्या रंगाचीं झालीं आहेत. चित्र जपावयाचें असेल तर त्यास ऊन लागूं देऊं नये. तरीहि कागदाचें वय थांबत नाहीं.

वासुदेव संतू गायतोंडे यांच्या चित्रांस ही भीति नाहीं, कारण त्यांत कागद उरतच नाहीं. २ नोव्हेंबर १९२४ रोजीं नागपुरांत एका गोमंतकीय कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. ते मुंबईस गिरगांवच्या चाळींत वाढले आणि १९४८ सालीं सर जे. जे. कलाशाळेची पदविका घेऊन बाहेर पडले. १९५७ सालीं टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनांत त्यांस पारितोषिक मिळालें. १९६४ सालीं रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. कुंचल्याऐवजीं रूळ आणि रंग पसरण्याची सुरी हीं त्यांचीं मुख्य हत्यारें झालीं, आणि त्यांच्या जोडीला आले वर्तमानपत्रांचे व मासिकांचे तुकडे. तुकड्यास ओला रंग लावावयाचा, तो ताणलेल्या कापडावर दाबावयाचा आणि उचलून घ्यावयाचा. बातमी, छायाचित्र, जाहिरात सारें कागदाबरोबर निघून जातें; मागें राहतो तो रंगाचा ठसा. पिकासोला वर्तमानपत्रांतील मजकूर हवा होता, गायतोंडे यांस त्याचा केवळ आकार.

हें काम घाईचें नव्हतें. वर्षास पांचसहा चित्रें, एवढाच त्यांचा हिशेब असे. १९७२ सालीं ते दिल्लीस राहावयास गेले. १९८४ च्या अपघातानंतर कांहीं वर्षें मोठ्या चित्रांऐवजीं कागदावर शाईनें लहान रेखाटनें करीत राहिले. २००१ सालीं वारले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें २०१४ सालीं त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें. बहुतेक चित्रांस नांव नाहीं. त्यांच्यासमोर थोडा वेळ उभें राहिलें तर रंगाच्या थरांत एखादी कड दिसूं लागते. ती कुंचल्याची नव्हे, दाबून उचललेल्या कागदाची.