हात धुतल्या पाण्यावर माळवं

मधल्या सुट्टीत शाळेतले जेवण आटोपले, की पोरांची नळापाशी झुंबड उडते. हात धुवायचे, चूळ भरायची, ताट विसळायचे, जमलेच तर शेजाऱ्याच्या अंगावर चार थेंब उडवायचे. हे पाणी पुढे कुठे जाते, हे कधी निरखले आहे का? शंभर मुलांची शाळा धरा. प्रत्येकी अर्धा लिटर म्हटले तरी रोजचे ५० लिटर झाले. एवढ्यावर मेथी-पालकाचे दोन वाफे आणि कुंपणावरचे चार वेल जगतात. पण पुष्कळ ठिकाणी त्यावर नुसता चिखल होतो आणि डास पोसले जातात.

सेलू तालुक्यातल्या वालूर गावाला पाण्याचे मोल कोणी सांगायला नको. चक्राकार पायऱ्यांची तिथली जुनी बारव पाहायला लांबून माणसे येतात. मधल्या काळात ती गाळ-कचऱ्याने भरून गेली होती. गावकऱ्यांनीच श्रमदान करून ती मोकळी केली. बारव उपसणाऱ्या हातांना नळाखालचे पाणी चर खोदून वाफ्यापर्यंत नेणे काय जड? एका सकाळचे काम आहे ते.

शाळेत भाजी पिकवण्याची गोष्ट तशी जुनीच. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुले आजही वाफ्यात काम करतात. शाळेत शिजवलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. पुढे २०१९ साली केंद्र सरकारने शाळांनी पोषण बाग करावी, अशा सूचना काढल्या. जागा नसेल तर कुंड्या, डबे, पोती चालतील, असेही त्यात आहे. म्हणजे सरकारची आडकाठी नाही. अडते ते मातीशी, शेळ्यांशी आणि मे महिन्याशी.

आपली माती काळी, भारी. पावसात पाणी धरून बसते आणि कोवळी रोपे पिवळी पडून जातात. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी रेती मिसळावी. कुंपणाला बाभळीच्या काट्या लावाव्यात. पोरांनी कितीही पहारा दिला, तरी शेळीला मधल्या सुट्टीची वेळ बरोबर कळते!

पालेभाज्यांत मेथी, पालक, शेपू, चुका, राजगिरा लवकर हाती येतात, म्हणून मुलांचा धीर टिकतो. अंबाडीही टाकावी, भाकरीबरोबर अंबाडीची भाजी कोणाला नको? घरी पालकाकडे नाक मुरडणारे पोर स्वतः खुडलेला पालक खिचडीत पडला, की वाटी पुढे करते. हे गुरुजींना सांगून पटणार नाही. एकदा करून पाहावे.

भेंडी मात्र विसरू नये, आणि ती आपल्याच जिल्ह्याची घ्यावी. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडत जातात आणि झाड बसते, तो केवडा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्याला दाद न देणारे वाण तयार व्हावे म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने लागवडीच्या भेंडीचा तिच्या रानटी जातभाईशी संकर केला. निवड करत करत जे वाण हाती आले, ते १९८५ साली ‘परभणी क्रांती’ या नावाने बाहेर पडले. बी रात्रभर भिजवून टोकले, तर दीड-पावणेदोन महिन्यांत भेंडी तोडणीला येते. वाण सरळ असल्यामुळे त्याचे बी घरी धरता येते. फक्त जवळपास दुसऱ्या जातीची भेंडी नको, नाहीतर बी मिसळते.

शाळेच्या वाफ्यावर विषारी औषध अजिबात मारू नये. मावा दिसला, तर ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी आणि गाळून फवारावी. मुलांच्या हाती हेच द्यावे, तेही गुरुजी जवळ असताना.

आता मे महिना. माझ्या लहानपणी आमच्या शाळेतही बाग होती. जूनमध्ये आम्ही परत गेलो, तेव्हा तिथे वाळलेल्या काड्या आणि फुटका माठ एवढेच उरले होते. पुढच्या वर्षी कोणी पुन्हा वाफे केलेच नाहीत. चूक मुलांची नव्हती. सुट्टीत पाणी घालणार कोण, हे कोणी ठरवलेच नव्हते. हे मार्चमध्येच ठरवावे. पालेभाजी उन्हाळ्यात काढून टाकली तरी चालते. जगवायचे ते शेवग्याचे आणि कढीपत्त्याचे झाड. शाळेशेजारच्या चार-पाच घरांनी पाळी लावून दोन-दोन घागरी घालाव्यात आणि बदल्यात शेवग्याचा पाला, शेंगा खुशाल न्याव्यात.

त्या घरांच्या न्हाणीमागेही हेच करता येते. साबणाचा फेस पालेभाजीवर सोडू नये. ते पाणी आधी खडी-वाळूच्या खड्ड्यातून जाऊ द्यावे आणि पुढे अळू, केळ लावावी. कारल्याचा, दोडक्याचा वेल दोन घरांमधल्या भिंतीवर चढला, तर फळे कोणाची, यावर चार दिवस कुरबुर होते खरी. पण माळव्याची वाटी इकडून तिकडे जाऊ लागली, की तीही थांबते.

भेंडीच्या पहिल्या दोन-तीन तोडण्या करून घ्याव्यात. मग निरोगी चार झाडांवरच्या शेंगा न तोडता वाळू द्याव्यात. बी काढून, राखेत घोळून, मडक्यात भरून तोंड बांधावे. यातले अर्धे शाळेत राहू द्यावे आणि अर्धे मुठी-मुठीने पोरांबरोबर घरोघर पाठवावे. मृगाला कोणाचे उगवले नाही, तर शेजारी मागता येईल.