खेळातले बंदर

दिवाळीच्या सुटीत पनवेलच्या जुन्या आळ्यांतून, आणि आता सोसायट्यांच्या आवारांतूनही, मुले मातीचे किल्ले बांधतात. बुरूज कोठे, पाण्याचे टाके कोठे, यावर त्यांचे कडाक्याचे वाद होतात. त्यास कोणी वेळेचा अपव्यय म्हणत नाही. तीच मुले संगणकावर ठोकळे रचू लागली, की मात्र पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. त्या सर्वस्वी निराधार आहेत असे नव्हे. पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी एवढे अनर्थ केले, की २०२५ साली केंद्र सरकारला कायद्याने त्यांवर बंदी घालावी लागली. परंतु दुसऱ्याने रचलेला खेळ खेळणे आणि स्वतः खेळ रचणे यांत ग्राहक आणि उत्पादक यांच्याइतके अंतर आहे.

‘पनवेल हे पूर्वी बंदर होते’ हे वाक्य पाठ केले की परीक्षेत गुण मिळतात. त्याच बंदराचा व्हिडिओ गेम रचावयाचा म्हटले, की ते पुरत नाही. खेळास नियम लागतात आणि नियम शोधावे लागतात. मचवा खाडीत केव्हा शिरेल? भरतीला, मग भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे का सरकते? गाडीत भाताची पोती किती मावतील, घाट चढावयास बैल किती? १८३० साली बोरघाटाचा रस्ता खुला झाला. मुंबईचा प्रवासी होडीने पनवेलास उतरून पुण्याची वाट धरू लागला. १८६३ साली कर्जतवरून घाटातील रेल्वे सुरू झाली आणि ती वाट पनवेल सोडून गेली. खेळात हे साल उजाडले, की एकही चूक न करणारा व्यापारीही बुडू लागतो. वाहतूक आणि बाजारपेठ यांचा संबंध सांगावयास अध्यापकाला याहून चांगला पाठ मिळणे कठीण.

ही कल्पना हवेतली नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने २०१२ पासून ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांच्या खेळाचा उपयोग सार्वजनिक जागांच्या आराखड्यांसाठी चालविला. नेपाळातील कीर्तिपूरच्या रहिवाशांनी आपल्या तळ्याचा परिसर त्यात उभा करून पाहिला. तलावांच्या पनवेलला हे उदाहरण दूरचे वाटू नये. येथील इस्रायल तलावाला ते नाव का पडले, हे त्याच्या काठावरून रोज शाळेत जाणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल?

यास घाईचे कारणही आहे. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी छाटली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, दहा गावे उठली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. खाजणाचे बांध आणि गावांतल्या वाटा आता उठलेल्या माणसांच्या आठवणीत आहेत, आणि ती माणसे म्हातारी होत आहेत. नातवाने आजोबांस विचारून गाव पडद्यावर रचले, तर चुकीच्या जागी ठेवलेली विहीर आजोबा तत्काळ हलवावयास लावतील. ही दुरुस्ती कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

खर्चाचे म्हणाल, तर ‘स्क्रॅच’सारखी खेळ रचण्याची साधने २००७ पासून विनामूल्य आहेत. खरा खर्च शिक्षकाच्या वेळेचा. तासिका, वह्यांची तपासणी, निवडणुकीची कामे यांतून त्याला आठवड्यास दोन तास मोकळे करून द्यावयाचे, तर वेळापत्रकातील कोणता विषय कापावयाचा? संगणक खरेदीच्या निविदा निघतात तेव्हा हा प्रश्न कोणी विचारीत नाही. पहिल्या सत्रात संगणक नसला तरी अडत नाही. चौकटीचा कागद, पेन्सिल आणि खाडीकाठचा एखादा जुना तांडेल एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.