मोठी गाडी घेण्याआधी

समृद्धी महामार्गात शेत गेलं, मोबदला आला. आता पोरगा म्हणतो, ‘मर्सिडीज सी-क्लास घेऊ.’ आपण दोन्ही बाजू पाहू.

गुण खरे आहेत. दमदार इंजिन, पक्के ब्रेक, वेगातही गाडी रस्ता सोडत नाही. पण तिचं बूड खाली. पांधण रस्त्यावर टेकतं. टायर, सर्व्हिसिंग, विमा सगळं महाग, आणि गाडीची किंमत दरवर्षी उतरते.

2010 मध्ये औरंगाबादेत लोकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या. स्टेट बँकेकडून 7 टक्क्यांनी कर्ज मिळवलं. एकीनं भाव आणि व्याज कमी होतं. पुढचा खर्च मात्र ज्याचा त्यालाच. म्हणून सहीआधी वर्षाचा खर्च गटाच्या हिशेबासारखा वहीत मांडू. गेलेलं शेत परत येत नाही.